सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे

चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ हे छोटेखानी पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनच्या बाजारात आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती संपल्या. त्यातल्या क्रॅचिट कुटुंबाकडे पैसा नाही, धाकटा मुलगा आजारी आहे. पण नाताळच्या दुपारी आई, बाप आणि सगळी पोरं एका टेबलाभोवती बसलेली आहेत. कामावरून उशिरा सुटलेली थोरली मुलगीही जेवणाच्या वेळेला पोचते. हे चित्र इंग्रजी मनावर असं ठसलं, की नाताळ म्हणजे भरलेलं घर आणि एक जरी खुर्ची रिकामी राहिली तरी सण फसला, अशी समजूतच होऊन बसली.

पंधरा वर्षांनी, १८५८च्या उन्हाळ्यात, त्याच डिकन्सने बावीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला वेगळं काढलं. कॅथरिनला दहा मुलं झाली होती, त्यांतली नऊ हयात होती. तिच्या वाट्याला लंडनमधलं एक वेगळं घर आणि सालिना सहाशे पौंड आले. थोरला चार्ली एकवीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान. तो आईसोबत राहायला गेला. दुसरा, वॉल्टर, त्याआधीच फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला होता. बाकीची मुलं बापाकडे राहिली. त्यांतलं शेंडेफळ सहा वर्षांचं होतं. घर सांभाळायला होती कॅथरिनचीच सख्खी बहीण जॉर्जिना. मुलांनी आईला भेटायला करारात मनाई नव्हती. मात्र आजी आणि धाकटी मावशी यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, असा बापाचा सक्त हुकूम होता. १८६० साली मुलीचं, केटचं, लग्न बापाच्या केंटमधल्या गॅड्स हिलच्या घरून झालं. नवरीची आई त्या लग्नाला नव्हती.

गॅड्स हिलचे नाताळ थाटाचे असत. पाहुण्यांनी घर गजबजलेलं, खेळ, मेजवान्या. १८६६ साली तर नाताळच्या दुसऱ्या दिवशी डिकन्सने आपल्या शेतात आसपासच्या गावकऱ्यांसाठी धावण्याच्या शर्यती भरवल्या. सगळं गाव आलं. मुलांची आई नव्हती. ३१ डिसेंबर १८६३ रोजी वॉल्टर कलकत्त्यात वारला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. ती बातमी इंग्लंडला पोचायला फेब्रुवारी उजाडला. तेव्हाही डिकन्सने त्या मुलाच्या आईला चार ओळी लिहिल्या नाहीत, असं त्याचे चरित्रकार नोंदवतात. केट म्हातारपणी सांगत असे, की आम्ही मुलांनी आईची बाजू घेतली नाही, हे आमच्या हातून फार वाईट घडलं.

डिकन्सला झोडपणं सोपं आहे आणि गेली काही वर्षं ते काम पुष्कळांनी केलंय, म्हणून त्यात भर घालत नाही. मला त्याच्या उदाहरणातून दुसरंच काही दिसतं. सबंध कुटुंबाचं चित्र ज्याने लोकांच्या मनावर कोरलं, त्याला स्वतःला ते निभावता आलं नाही. आणि आज इंग्लंड-अमेरिकेतले विभक्त झालेले आईबाप डिसेंबर लागला, की स्वतःला मोजतात ते त्याच चित्राच्या मापाने. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात एक पोरगं नाताळच्या सुटीत बोर्डिंगच्या शाळेत एकटंच मागे राहिलेलं आहे, कारण घरी बाप कडक आहे. तो मुलगा म्हणजेच पुस्तकाचा नायक, पुढचा कंजूष स्क्रूज. टेबलाचं चित्र सगळ्यांना आठवतं, हा मुलगा फारसा कुणाला आठवत नाही.

घरं दोन झाली, की नाताळ बिघडतो असं सरसकट मानलं जातं. माझं म्हणणं असं, की घरं दोन झाल्याने तो जेवढा बिघडतो, त्यापेक्षा पुष्कळ जास्त त्या दोन घरांकडून एका घराचं सोंग वठवून घेण्याच्या हट्टापायी बिघडतो. यावर उपाय आहे, पण तो अगदी रुक्ष आहे: आईबापांनी आपसात बसून, आधी, कागदावर ठरवणं, आणि मग ते पाळणं. सणासुदीला कागद काढायचा म्हटलं, की आपल्याकडेही कपाळाला आठ्या पडतात. तरीही त्या कागदाची बाजू घ्यायलाच हा लेख लिहितो आहे.

आधी हे ध्यानात घ्यायला हवं, की वाटणीचा प्रश्न पडणं हीच मोठी मजल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात वाटणी नव्हतीच, मुलं बापाची. कॅरोलाइन नॉर्टन ही त्या काळातली नावाजलेली लेखिका. १८३६ साली तिच्या नवऱ्याने तीन मुलगे तिच्यापासून तोडले आणि स्कॉटलंडला आपल्या नातलगांकडे धाडले. तिने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली आणि १८३९ साली मुलांच्या ताब्याचा कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटी आईला मागता येतील, एवढाच त्याचा आवाका होता. आणि त्यासाठीसुद्धा आईवर व्यभिचाराचा ठपका नसला पाहिजे. ज्या बाईमुळे हा कायदा झाला तिला त्याचा उपयोग झाला नाही, कारण मुलं स्कॉटलंडात होती आणि कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ साली तिचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडून झालेल्या जखमेने गेला. आई पोचेपर्यंत उशीर झाला होता. मुलाचं हित सगळ्यांत आधी, हे इंग्लंडच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला १९२५ साल उजाडलं, आणि आईबापांचे हक्क सारखे व्हायला १९७३.

हक्क सारखे झाले आणि नवा पेच उभा राहिला. वर्षाचे बाकीचे दिवस वाटता येतात. आठवडा इकडे, आठवडा तिकडे. बुधवारी रात्र बाबांकडे, एक आड एक शनिवार-रविवार. २५ डिसेंबर मात्र वर्षातून एकच येतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने या पेचाला सरळ उत्तर दिलं. तिथल्या कुटुंब कायद्यात आईबापांचं एकमत न झाल्यास लागू होणारं तयार वेळापत्रकच छापलेलं आहे. मूल ज्याच्याकडे कायम राहत नाही, त्या पालकाकडे सम वर्षी शाळेला सुटी लागल्यापासून २८ डिसेंबरच्या दुपारी बारापर्यंत मूल राहील. विषम वर्षी त्याच्या वाट्याला २८ तारखेच्या दुपारनंतरची उरलेली सुटी. ज्या वर्षी नाताळ एकाकडे, त्या वर्षी नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण दुसऱ्याकडे. झालं. यात कुणाची आठवण, कुणाचे उमाळे, कुणाच्या आजीची प्रकृती, कशालाही जागा नाही. एखाद्या महापालिकेच्या पाणी सोडण्याच्या तक्त्यासारखं हे वेळापत्रक दिसतं. मला ते आवडतं. २०३१ साली आपला नाताळ कुठे असेल, हे टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या मुलीला आजच सांगता येतं, आणि त्यासाठी तिला आईच्या किंवा बापाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही.

इंग्लंडने असा तक्ता केलेला नाही. तिथे आईबापांनी आपसात ठरवावं, नाही जमलं तर मध्यस्थाकडे जावं, तरीही नाही जमलं तर न्यायालयात अर्ज करावा, अशी रीत आहे. पण २०१३पासून अशा खासगी कौटुंबिक वादांना मिळणारी सरकारी कायदेशीर मदत बहुतेक बंद झाली. तेव्हापासून वकिलाशिवाय स्वतःच उभे राहणारे आईबाप वाढले आणि त्यांच्याबरोबर किरकोळ भांडणंही थेट न्यायासनापर्यंत येऊ लागली. २०२० साली ब्रिस्टलचे कौटुंबिक न्यायाधीश स्टीफन वाइल्डब्लड यांनी वैतागून एक निकालपत्रच प्रसिद्ध केलं. मुलाची देवघेव एम-४ महामार्गाच्या कोणत्या जंक्शनवर व्हावी, पासपोर्ट कुणी जवळ ठेवावा, रविवारच्या दुपारचं काय करावं, असले प्रश्न घेऊन लोक न्यायालयात येतात. खरोखर गरज असल्याशिवाय येऊ नका, नाहीतर टीकेला तोंड द्यावं लागेल, असं त्यांनी बजावलं. न्यायाधीशांचा त्रागा समजू शकतो. पण जंक्शनचा प्रश्न तितका हास्यास्पद नाही. ज्यांना एकमेकांच्या दारात उभं राहणंही सोसत नाही, त्यांना मूल कुठेतरी हातातून हातात द्यावंच लागतं, आणि मग ते महामार्गावरच्या सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये होतं. एका गाडीची डिकी उघडते, दुसरीची उघडते, बॅग इकडून तिकडे जाते.

इंग्लंडात बरेच आईबाप आणखी एक तोडगा काढतात: दिवसच अर्धा करायचा. सकाळच्या भेटवस्तू आईकडे, दुपारी दोनला बाबा येणार, जेवण त्यांच्याकडे. ऐकायला न्याय्य. आता त्या दिवशीचं इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. २५ डिसेंबरला रेल्वे बंद, लंडनची भुयारी रेल्वे बंद, बहुतेक बस बंद. म्हणजे गाडी हवी. ज्याला न्यायला-सोडायला जायचंय त्याला घोटभर वाइनही घेता येत नाही. चारच्या सुमाराला अंधार पडतो. मुलगा सकाळी उघडलेलं नवं खेळणं अर्ध्यावर टाकून कोट चढवतो. ते खेळणं बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं, यावर दारात दोन मिनिटं कुजबूज होते. आणि दुसऱ्या घरी पोचतो तेव्हा तिथली मंडळी भुकेली, ताटकळलेली असतात. तिथे त्याने पुन्हा पहिल्यापासून आनंदी व्हायचं. दिवसाचे दोन भाग समान झाले खरे, पण मोठ्यांच्या वाट्याला अर्धा-अर्धा सण आला आणि मुलाच्या वाट्याला आला प्रवास. या तोडग्यात कुणाचं हित बघितलं जातं, हे उघड आहे. आपल्या घरचा नाताळ ‘झाला’, ही खूणगाठ आईला हवी असते आणि बापालाही. फोटो दोन्हीकडे निघतो.

घरं पाच मिनिटांच्या अंतरावर असतील आणि बोलणं नीट चालू असेल, तर अर्धा दिवसही चालतो, हे मान्य. तसे आईबाप असतातही. पण त्यांना माझ्याच काय, कुणाच्याच लेखाची गरज नाही.

मग लोक विचारतात, सगळ्यांनी एकत्रच का बसू नये? मुलांसाठी एक दिवस भांडण बाजूला ठेवायचं. स्वीडनमध्ये १९९९ साली याच कल्पनेवर एक विनोदी चित्रपट निघाला होता. त्यातली बाई नाताळला आपल्या सगळ्या मुलांचे वेगवेगळे बाप, त्यांच्या आताच्या बायका आणि त्यांची मुलं, सगळ्यांना एका घरी बोलावते. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ ‘सांता हाच सगळ्या मुलांचा बाप’ असा काहीसा होतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, कारण काय होणार ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ज्यांचं खरोखर मिटलंय, त्यांनी जरूर एकत्र जेवावं. पण नुकतंच मोडलेलं घर एका दुपारपुरतं जोडून दाखवलं, की लहान मुलाच्या मनात उगाच आशा पालवते. बाबा जेवायला थांबले. म्हणजे रात्रीही थांबतील. रात्री आठला बाबा कोट घालतात. ताटातूट एकदा झाली होतीच, ती आता मेणबत्त्यांच्या उजेडात पुन्हा एकदा करून दाखवली गेली. मोठ्यांना मात्र आपण फार समजूतदारपणे वागलो, असं वाटत राहतं.

आणि तिसरी वाट, सगळ्यांत जास्त प्रतिष्ठेची: मुलालाच विचारा.

इथे जरा थांबावं लागेल, कारण ही वाट दिसायला लोकशाहीची आहे आणि तिच्या मागे कायद्याचं बळही आहे असं मानलं जातं. इंग्लंडच्या १९८९च्या बालक कायद्यात मुलाची इच्छा आणि भावना, त्याचं वय आणि समज बघून, विचारात घ्याव्यात असं लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाला स्वतःचं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. हे दोन्ही योग्यच आहे. पण म्हणणं ऐकून घेणं हे एक काम झालं, आणि निकाल त्याच्याकडून वदवून घेणं हे दुसरं. न्यायालयाने नेमलेली समाजसेविका मुलाशी एकांतात बोलते, त्याला काय टोचतंय ते समजून घेते आणि निर्णयाचा भार न्यायाधीशाच्या खांद्यावर ठेवते. स्वयंपाकघरात आई कांदा चिरता चिरता विचारते, “यंदा तुला कुठे जायचंय? तू म्हणशील तसं,” तेव्हा नऊ वर्षांच्या पोराच्या कानी पडणारा प्रश्न वेगळा असतो. त्याला ऐकू येतं: आमच्यापैकी कुणाला एकटं टाकणार आहेस?

मुलं या प्रश्नाचं खरं उत्तर देत नाहीत. समोर जो असेल त्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. आईपुढे म्हणतात इथेच, बाबांपुढे म्हणतात तिकडे. मग दोन्ही पालक आपापल्या वकिलाला छातीठोकपणे सांगतात, की मुलाची इच्छा आमच्याकडे यायची आहे. दोघंही खरं बोलत असतात. खोटं बोलायची पाळी मुलावर आलेली असते आणि त्या खोटेपणाची बोचही त्यालाच असते.

विभक्त आईबापांच्या मुलांना नाताळात जे सोसावं लागतं, त्याचा गाभा माझ्या मते इथे आहे. भेटवस्तू कमी पडत नाहीत. दोन्हीकडून मिळतात, चढाओढीने मिळतात. सांताला दोन्ही पत्ते ठाऊक असतात. खुपतं ते हे, की आपण इकडे केक खातोय तेव्हा तिकडे बाबा काय करत असतील. एकटे असतील. टीव्हीपुढे असतील. आपण हसलो ते त्यांना कळलं तर? डिकन्सच्या मुलांनी आपली सगळी तरुण वर्षं या प्रश्नासकट काढली असणार. आई गाडीने जाण्याइतकी जवळ, आणि तिचं नाव जेवणाच्या टेबलावर निघायचं नाही.

म्हणून ज्या वर्षी मूल आपल्याकडे नाही, त्या वर्षीचा नाताळ कसा काढायचा, ही पालकाची सगळ्यांत मोठी जबाबदारी मला वाटते. मूल येणार असतं तेव्हा काय करायचं ते सगळ्यांना सुचतं. मूल नसताना भावाकडे जा, मैत्रिणीकडे जा, रुग्णालयात ड्युटी मागून घ्या, चर्चच्या जेवणात वाढायला उभे राहा. आणि आपण काय करणार आहोत ते मुलाला आधी, हसत, तपशिलात सांगा. “मी इथे एकटी बसणार, पण तू मजा कर हं,” हे वाक्य उच्चारणाऱ्या आईने सण मुलाच्या हातात देऊन लगेच काढून घेतलेला असतो. बापही हेच करतात, फक्त न बोलता. फोनवर चार सेकंद गप्प राहिलं, की पुरतं.

कागदाचा उपयोग इथे कळतो. “यंदा सम वर्ष, म्हणून आईकडे,” या वाक्यात मुलाने कुणालाच नाकारलेलं नसतं. पंचांगाने ठरवलं. मुलाला रागवायचं असेल तर पंचांगावर रागवावं. आठ वर्षांची मुलगी वर्षाचा आकडा बघून रुसली, तर आईने किंवा बाबांनी तिला जवळ घेऊन “हो ना, मलाही नाही आवडत,” म्हणता येतं. तिने निवड केली असती तर हे कुणालाच म्हणता आलं नसतं.

करोनाच्या काळात इंग्लंडच्या सरकारलाही दोन घरांतल्या मुलांचा विचार करावा लागला. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच सकाळी, मंत्री मायकल गोव्ह टीव्हीवर म्हणून गेले, की विभक्त आईबापांच्या मुलांनी एका घरून दुसऱ्या घरी जाऊ नये. त्यांना त्याच दिवशी शब्द मागे घ्यावे लागले. अठरा वर्षांखालच्या मुलांना दोन घरांत ये-जा करायची मुभा आहे, असं जाहीर झालं. पुढे १९ डिसेंबरला लंडन आणि आग्नेय इंग्लंडातल्या लाखो लोकांचा नाताळ एका संध्याकाळीत रद्द झाला. आजी-आजोबांकडे जाता येईना, भावाकडे जाता येईना. दोन घरांतल्या मुलांची वाट तेवढी उघडी राहिली. सगळ्या देशाला दारं लावायला सांगणाऱ्या सरकारने या मुलांची दोन घरं मिळून एकच घर आहे, हे मान्य केलं. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा नियम मला जास्त शहाणा वाटतो.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. ज्या घरातून आई मार खाऊन निघाली, किंवा मुलावरच हात उगारला गेला, त्या घरासाठी हे सम-विषम नाही. आई आणि बाप दोघांचाही सहभाग मुलाच्या हिताचा असतो असं न्यायालयाने गृहीत धरावं, अशी तरतूद इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने झाली. पण २०२० साली तिथल्या न्याय मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञगटानेच सांगितलं, की काहीही करून भेटी घडवून आणायच्या, या कलामुळे कौटुंबिक न्यायालयं हिंसेकडे पुरेसं लक्ष देत नाहीत. सणाच्या दिवशी न्यायाधीशाचं मनही मऊ होतं, नातेवाइकांचं तर होतंच. “नाताळ आहे, आजच्या दिवस भेटू दे,” या आग्रहाला अशा घरात नकारच द्यायला हवा.

आता आपल्याकडे यायला हरकत नाही. मराठी माणसाचा या प्रश्नाशी संबंध दोन ठिकाणी अगदी सरळ येतो. एक, वसई, वांद्रे, गोवा इथल्या ख्रिस्ती घरांत. गोवा वगळता भारतातल्या ख्रिस्ती जोडप्यांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९चा. नवऱ्याने व्यभिचार केला एवढं कारण बायकोला पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा त्याग सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय केली. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, म्हणून कित्येक जोडपी कागदोपत्री नवरा-बायको राहून वेगळी राहतात. कागदच नाही, तर वाटणीचा कागद कुठला असणार? आणि दोघांचं धर्मग्राम एकच असेल, तर मध्यरात्रीच्या मिस्सेला दोघंही त्याच देवळात येणार. मुलगी कोणत्या बाकावर बसली, हे सगळ्या गावाला दिसतं. ते आधी ठरलेलं असेल, तर गावाला बोलायला विषय उरत नाही.

दुसरं ठिकाण परदेशातलं. लंडन-न्यूजर्सीतल्या मराठी घरांना नाताळ हा सण नसला, तरी शाळेची ती दोन आठवड्यांची सुटी म्हणजे पुण्या-नाशकाच्या आजी-आजोबांची भेट. आईबाप विभक्त असले, की ही भेट अडते. मूल आपल्यासोबत राहील असा न्यायालयाचा आदेश ज्याच्या हाती आहे, त्या पालकाला इंग्लंडमधून महिन्याच्या आत मुलाला परदेशी नेऊन आणता येतं. तसा आदेश नसेल, तर दुसऱ्याची संमती हवी. आणि ती देताना दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण मुलांना परदेशी पळवून नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. आई मुलाला घेऊन पुण्याला गेली आणि परतली नाही, तर इंग्लंडच्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप चालत नाही. आपलं न्यायालय मुलाचं हित नव्याने तपासतं. २०१७ सालच्या एका निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटनहून आणलेली मुलगी आईकडे भारतातच राहू दिली. तो निकाल त्या मुलीपुरता बरोबरही असेल. पण त्यानंतर स्लाउमधला एखादा बाप आजीच्या भेटीच्या कागदावर सही करताना हात आखडता घेत असेल, तर त्याला केवळ दुष्ट म्हणता येत नाही. आजीला मात्र नातू फोनच्या पडद्यावरच दिसतो.

भारतातल्या हिंदू घरांत ही जागा दिवाळीची आणि गणपतीची. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटण्यासाठी खोली आहे, खेळणी आहेत. पण दिवाळीच्या पहिल्या पहाटे उटणं कोण लावणार, गौरी-गणपतीला मूल कुणाच्या गावी जाणार, याचं आधी ठरवून ठेवण्याची सवय आपल्याला नाही. आपण दर वर्षी नव्याने भांडतो. जर्मनीच्या नागरी संहितेतलं १६८४वं कलम म्हणतं, की आई आणि बाप दोघांच्याही सहवासाचा हक्क मुलाचा आहे. पालकाला तो सहवास देण्याचं कर्तव्य आहे आणि त्याचा हक्कही. क्रम बघा: मूल पहिलं, कर्तव्य दुसरं, पालकाचा हक्क शेवटी. आपल्याकडचं बोलणं अजून ‘माझा मुलगा मला दिवाळीला मिळालाच पाहिजे’ इथे अडलेलं आहे.

आपल्या विधी आयोगाने २०१५च्या मे महिन्यात दिलेल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती आणि सुट्या-सण कसे वाटावेत याची मार्गदर्शक रूपरेषाही सुचवली होती. त्याचा कायदा झालेला नाही. पालकत्वाचा आपला मूळ कायदा अजून १८९०चाच आहे. पण आईबापांना कागद करायला संसदेची परवानगी लागत नाही. पुढच्या दहा वर्षांचे सण कुणाकडे, हे एका पानात मावतं. दोघांनी सह्या करून एक-एक प्रत जवळ ठेवावी, आणि मुलाला फक्त यंदाचं सांगावं. तेही सुटी लागण्याच्या निदान महिनाभर आधी.